चौकशीच्या वहीपासून सीआरएमपर्यंत: लातूरच्या एका लहान सौर व्यवसायाचे सहा महिने

ऑगस्ट २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात उदगीरचे एक निवृत्त शिक्षक आमच्या लातूरच्या कार्यालयात आले. त्यांच्या छतावर आम्ही जूनअखेर ३ किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली होती. त्यांनी पिशवीतून महावितरणची दोन बिले आणि बँकेच्या कर्जहप्त्याची एक पावती काढली आणि तिन्ही कागद माझ्यासमोर टेबलावर ओळीने मांडले. आवाज जराही न चढवता त्यांनी विचारले, "ताई, पॅनल लागून दीड महिना होत आला, पण बिल पहिल्यासारखंच येतंय. नेमकं कुठं अडलंय?"

शोध घेतल्यावर कळले की काम आमच्याकडेच अडले होते. उभारणी झाल्यावर तिचा तपशील छायाचित्रांसह सरकारी योजनेच्या पोर्टलवर भरावा लागतो, त्यानंतरच तपासणी आणि नेट मीटरचे (घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरचे) काम पुढे सरकते. ते भरायचे काम ४१ दिवस कोणीच केलेले नव्हते. उभारणीचे काम पाहणाऱ्या माझ्या दिरांना वाटत होते की कार्यालयातून ते झाले असेल. कार्यालयात आम्ही समजत होतो की छायाचित्रे अजून आलेली नाहीत. ती आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आली होती, पण त्या एका दिवसात त्या गटावर शंभराच्या वर संदेश आले होते. मास्तरांची मी क्षमा मागितली, त्याच दिवशी तपशील भरला आणि त्या रात्री यजमानांना सांगितले की आता वही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हा व्यवसाय चालवणे योग्य नाही.

आम्ही २०१९ मध्ये हे काम सुरू केले तेव्हा महिन्याला १५ ते २० चौकशा येत असत आणि लाल कापडी बांधणीची एक वही त्यांना पुरत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना जाहीर झाली. १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान मिळते हे लोकांना कळल्यावर फोन थांबेनासे झाले. जुलैमध्ये आमच्याकडे १२० च्या आसपास चौकशा आल्या. माणसे मात्र तितकीच होती: मी, यजमान, दीर, फोन सांभाळणाऱ्या ताई, छतांचा सर्व्हे करणारा मुलगा, हिशेब पाहणारे काका आणि फिटरच्या दोन टोळ्या.

सीआरएम म्हणजे ग्राहकांशी असलेला सगळा व्यवहार एका ठिकाणी नोंदवणारी प्रणाली, एवढे मला ठाऊक होते. कोणती घ्यावी याविषयी मात्र काहीच कल्पना नव्हती. पहिले तीन दिवस मी इंटरनेटवर तुलनात्मक तक्ते वाचत बसले आणि अधिकच गोंधळले, कारण प्रत्येक तक्त्यात शंभर-सव्वाशे सुविधांपुढे बरोबरच्या खुणा होत्या आणि त्यांतील निम्म्या सुविधांचा अर्थ मला लागत नव्हता. मग तक्ते बाजूला ठेवून मी वेगळी सुरुवात केली. या साऱ्या प्रवासातले तेच पाऊल सर्वांत उपयोगाचे ठरले.

ऑगस्टच्या अखेरीस कार्यालयाच्या मागच्या भिंतीवर मोठा पुठ्ठा लावला आणि आमचे काम ज्या क्रमाने होते तो क्रम त्यावर लिहिला: चौकशी, वीजबिल मागवणे, छताची पाहणी, कोटेशन, करार, पोर्टलवरचा अर्ज, बँकेचे कर्ज, साहित्य, उभारणी, तपासणी व नेट मीटर, आणि शेवटी अनुदान खात्यावर जमा होणे. अशा अकरा पायऱ्या झाल्या. त्या वेळी चालू असलेल्या प्रत्येक ग्राहकाच्या नावाची चिठ्ठी ज्या त्या पायरीखाली चिकटवायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठ्याकडे पाहिले तेव्हा चिठ्ठ्यांची सर्वांत दाट गर्दी दोन ठिकाणी दिसली: कोटेशन दिल्यानंतर आणि उभारणी झाल्यानंतर. पहिल्या ठिकाणी आमचा धंदा बुडत होता आणि दुसऱ्या ठिकाणी ग्राहकाचा पैसा.

हे कळणे महत्त्वाचे होते, कारण पुढे पाहिलेल्या बहुतेक प्रणाली विक्री होईपर्यंतच्या प्रवासासाठी रचलेल्या होत्या. ग्राहकाने होकार दिला की त्यांच्या पडद्यावर 'सौदा जिंकला' असे हिरव्या अक्षरांत येते आणि नोंद मिटते. आमचे निम्म्याहून अधिक काम त्या होकारानंतर सुरू होते. औषधे, कपडे किंवा भांडी विकणाऱ्याला ही अडचण येणार नाही, पण बांधकाम, विहिरीवरचे पंप, ठिबक, फर्निचर असे टप्प्याटप्प्याने पूर्ण होणारे काम करणाऱ्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा, असे मला मनापासून वाटते.

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन आटोपल्यावर आम्ही सगळे कार्यालयात बसलो आणि काय हवे याची यादी केली. ती पाच ओळींची झाली. होकारानंतरचे टप्पे आम्हाला स्वतः ठरवता यावेत. एखादी फाइल एका टप्प्यावर ठरावीक दिवसांहून जास्त अडकली तर ती आपोआप समोर यावी. मोबाइलवर चालावे आणि रेंज नसताना भरलेले वाया जाऊ नये. नावे देवनागरीत लिहिता व शोधता यावीत. आणि सोडून जायचे ठरवले तर आपली सगळी माहिती आपल्याला परत नेता यावी. यांपैकी देवनागरीचा आग्रह फोनवरच्या ताईंचा होता. जुन्या एक्सेलमध्ये क्षीरसागर हे आडनाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहिलेले होते आणि त्यामुळे ग्राहक सापडत नसे, हे त्यांनी त्या बैठकीत उघडून दाखवले.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत मी नऊ प्रणालींची माहिती काढली. झोहो सीआरएमची तीन वापरकर्त्यांपर्यंतची मोफत आवृत्ती आहे. ज्यांच्याकडे दोन-तीनच माणसे आहेत त्यांनी पैसे खर्च करण्याआधी अशा मोफत आवृत्तीवर एक-दोन महिने सवय करून घ्यावी. ओडू आणि ईआरपीनेक्स्ट यांसारख्या मुक्तस्रोत प्रणालीही पाहिल्या. त्यांची मूळ आवृत्ती विनाशुल्क मिळते, पण ती सर्व्हरवर बसवणे, तिचा बॅकअप घेणे आणि बिघडल्यास दुरुस्त करणे हे कोणाला तरी करावे लागते. आमच्याकडे तसा माणूस नव्हता म्हणून तो मार्ग सोडला. ज्या लेखात एखाद्या प्रणालीचे नाव घेऊन तीच घ्या असे सांगितलेले असते, तो वाचून लोक आपले काम तपासायचे सोडून देतात. म्हणून आम्ही शेवटी निवडलेल्या प्रणालीचे नाव येथे देत नाही.

ऑक्टोबरमध्ये पाच डेमो झाले, प्रत्येकी पाऊण तासाचे. बोलणारी मंडळी सौजन्यशील होती आणि हिंदीत समजावून सांगत होती. पहिल्या दोन डेमोंत मी फक्त ऐकत राहिले. रंगीत आलेख पाहून प्रभावित झाले, पण संपल्यावर वहीत लिहिण्याजोगे काही उरले नाही. तिसऱ्या डेमोपासून पद्धत बदलली. उदगीरच्या मास्तरांचे प्रकरण नाव-गाव वगळून एका पानावर लिहिले, ते आदल्या दिवशी पाठवले आणि सांगितले की हीच फाइल तुमच्या प्रणालीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून दाखवा, आणि ४१ दिवसांऐवजी पाचव्या दिवशी आम्हाला कसे कळले असते ते दाखवा. एका कंपनीच्या प्रतिनिधीने ते दहा मिनिटांत करून दाखवले. दुसऱ्याने ते पुढच्या आवृत्तीत येईल असे सांगितले. जे पुढे येणार आहे त्याचे पैसे आज देऊ नयेत, असे यजमान म्हणाले आणि ते नाव आम्ही खोडले.

दरांविषयी सविस्तर लिहिते, कारण येथे सर्वांत जास्त फसगत होऊ शकते. जाहिरातीतला दर दरमहा दर वापरकर्ता असा असतो, पण पैसे बहुधा वर्षाचे एकदम भरावे लागतात. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. प्रणाली आपल्या कामाप्रमाणे मांडून देण्याचे शुल्क वेगळे आणि व्हॉट्सअ‍ॅप संदेशांचा खर्च आणखी वेगळा. आम्हाला आलेले पहिले कोटेशन ९५० रुपये दराने आठ जणांचे होते: वर्षाचे ९१,२०० रुपये, त्यावर १६,४१६ रुपये जीएसटी, शिवाय मांडणीचे ३५,००० रुपये व त्यावरचा ६,३०० रुपये जीएसटी. एकूण १,४८,९१६ रुपये. एवढी रक्कम पाहून आम्ही आठवडाभर हा विषयच काढला नाही.

मग पुठ्ठ्यासमोर उभे राहून कोणाला खरोखर लॉगिन लागेल ते मोजले. फिटर मंडळींची छायाचित्रे दीरच गोळा करतात, त्यामुळे त्यांना स्वतंत्र लॉगिनची गरज नव्हती. हिशेबाच्या काकांना महिन्यातून एकदा निघणारी यादी पुरेशी होती. लॉगिन पाचच लागणार होती. आम्ही अखेर घेतलेल्या प्रणालीचा दर ८०० रुपये होता: पाच जणांचे वर्षाचे ४८,००० रुपये व जीएसटी ८,६४० रुपये, मांडणीचे १८,००० रुपये व जीएसटी ३,२४० रुपये, म्हणजे सारे मिळून ७७,८८० रुपये. आमची नोंदणी नियमित पद्धतीची असल्याने जीएसटीची वजावट मिळते, मात्र त्यासाठी बिलावर आपला जीएसटी क्रमांक असायला हवा. पैसे भरण्यापूर्वीच तो खात्यात नोंदवून ठेवावा. परदेशी कंपनीकडून थेट सेवा घेतली तर जीएसटी उलट आकारणीने आपल्यालाच भरावा लागतो, हे करसल्लागारांनी वेळेवर सांगितले आणि त्यामुळे डॉलरमध्ये बिल देणारा एक पर्याय मागे पडला.

१ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झाले, २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. त्या काळात डेमो किंवा बैठका शक्य नव्हत्या. तो वेळ आम्ही जुनी माहिती स्वच्छ करण्यात घालवला. हे काम किती मोठे आहे याचा मला अंदाज नव्हता. चार एक्सेल फाइलींत मिळून १,८४० ओळी होत्या, दुबार नोंदी काढल्यावर १,१२६ उरल्या. एकच ग्राहक वडिलांच्या फोनवरून, मुलाच्या फोनवरून आणि जावयाच्या फोनवरून आलेला असे, आणि वीजबिल मात्र वारलेल्या आजोबांच्या नावावर असे. त्यामुळे नाव किंवा मोबाइल यांपैकी कशावरही भिस्त ठेवता येत नव्हती. महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक हीच खरी ओळख धरली आणि गुंता सुटू लागला.

त्यातही एक अपघात झाला. एक्सेलमध्ये साध्या रकान्यात १२ अंकी क्रमांक टाकला की तो घातांकाच्या रूपात आखडून दिसतो, आणि फाइल सीएसव्ही (दुसऱ्या प्रणालीत नेता येणारा साधा मजकूर) म्हणून जतन केली की जसा दिसतो तसाच उतरतो. मागचे अंक कायमचे जातात. पहिल्या प्रयत्नात २०० हून अधिक क्रमांक असे गेले आणि ताईंनी चार दिवस कागदी बिले काढून ते पुन्हा भरले. क्रमांक टाकण्यापूर्वी तो रकाना 'टेक्स्ट' करून घ्यावा, जतन करताना 'यूटीएफ-८' हा प्रकार निवडावा म्हणजे देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येणार नाहीत, आणि मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवूनच हात लावावा.

डिसेंबरमध्ये दोन प्रणालींची प्रत्येकी १५ दिवसांची चाचणी घेतली. चाचणीत खोटी नावे भरून पाहू नयेत. आम्ही चालू असलेल्या २० फाइली निवडल्या आणि त्या दोन्हींत खरोखर चालवल्या. पहिली प्रणाली मला स्वतःला फार आवडली होती, तिचे अहवाल सुबक होते आणि माझ्या संगणकावर ती झटकन उघडत असे. पण सर्व्हेचा मुलगा निलंगा तालुक्यातल्या एका गावी छतावर गेला, तेव्हा मी मुद्दाम त्याच्याबरोबर गेले. दुपारचे बारा वाजले होते. त्याच्या डाव्या हातात टेपचे टोक होते, उजव्या हातात मोबाइल, उन्हात पडदा काळा दिसत होता म्हणून तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत वाकून उभा राहिला. फॉर्ममध्ये ३१ रकाने होते. सतराव्या रकान्यावर रेंज गेली, पान पुन्हा उघडले आणि भरलेले सारे पुसले गेले. त्याने काही न बोलता खिशातून वहीचा तुकडा काढला आणि लांबी, रुंदी, कठड्याची उंची, टाकीची सावली असे सगळे पेन्सिलने उतरवून घेतले.

दुसऱ्या प्रणालीत रेंज नसताना नोंद फोनमध्ये राहत होती आणि गावातून मुख्य रस्त्यावर आल्यावर वर जात होती. तिचे अहवाल तितके देखणे नव्हते. निर्णय मात्र त्या छतावरच झाला होता.

करारावर सही करण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरे आम्ही ईमेलवर लेखी मागितली, तोंडी आश्वासनावर थांबलो नाही. माहितीची मालकी कोणाची? सगळी माहिती छायाचित्रांसह कोणत्या स्वरूपात परत मिळेल आणि त्याचे पैसे लागतील का? दुसऱ्या वर्षी दर किती वाढू शकेल? नूतनीकरण आपोआप होते का, आणि ते थांबवायला किती दिवस आधी कळवावे लागते? मध्येच वापरकर्ते कमी केले तर पैसे परत मिळतात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, म्हणून पाचावर सहावे लॉगिन न घेण्याचा आमचा निर्णय पक्का झाला. चाचणी घेतलेल्या पहिल्या कंपनीने सांगितले होते की सगळी माहिती एकदम बाहेर काढण्याची सोय फक्त त्यांच्या महागड्या योजनेत आहे. हे त्यांच्या दरपत्रकात आमच्या नजरेस पडले नव्हते, विचारले म्हणून कळले.

आधारकार्डाच्या आणि रद्द केलेल्या धनादेशाच्या प्रती प्रणालीत ठेवायच्या की नाही, यावर घरात बराच वाद झाला. सगळे एका जागी असले तर सोपे जाईल असे दिरांचे म्हणणे होते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी लोक आपली कागदपत्रे विश्वासाने आमच्या हाती देतात. पाच मोबाइलवर त्या प्रती उघड्या राहाव्यात हे मला मान्य नव्हते. पोर्टलवर भरून झाल्या की त्या काढून टाकायच्या आणि प्रणालीत फक्त 'कागद मिळाले' एवढी खूण ठेवायची, असे ठरले.

प्रशिक्षणासाठी कंपनीने ३० डिसेंबर ही तारीख दिली होती. त्या दिवशी वेळा अमावास्या होती. आमच्याकडे येळवशीला, म्हणजे याच अमावास्येला, शहर रिकामे होते आणि सगळा जिल्हा शेतात असतो, हे कंपनीच्या बंगळूरच्या मुलीला मी फोनवर समजावून सांगितले. तिने त्या दिवशीच्या जेवणातल्या भज्जी आणि आंबिलीविषयी आवर्जून विचारले आणि तारीख २ जानेवारी केली. बाहेरच्या कंपनीशी वेळापत्रक ठरवताना आपले स्थानिक सण आणि यात्रा आधीच कळवाव्यात, कारण त्यांच्या कॅलेंडरवर त्या नसतात.

जानेवारीचा महिना मांडणीत गेला आणि सोमवारी ३ फेब्रुवारी २०२५ ला प्रणाली सुरू झाली. पहिला महिना आम्ही लाल वहीही चालू ठेवली. दुसऱ्या आठवड्यात दिरांनी भरणे सोडले. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, स्ट्रक्चरचे बोल्ट आवळू का फोनात रकाने भरत बसू?" त्यांचा त्रास खरा होता. आम्ही दोघांनी बसून त्यांच्या पडद्यावरचे १४ रकाने सहावर आणले: पॅनलची संख्या, इन्व्हर्टरचा क्रमांक, अर्थिंगची खूण, तीन छायाचित्रे. त्यानंतर त्यांच्या नोंदी त्याच दिवशी येऊ लागल्या. जे रकाने कोणी वाचतच नाही ते भरायला लावू नयेत.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत एक सावधगिरी कामी आली. आपोआप जाणाऱ्या संदेशांसाठी क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपच्या वेगळ्या व्यावसायिक सेवेत नोंदवावा लागत होता. आम्ही निर्णय घेतला त्या वेळी असा नोंदवलेला क्रमांक साध्या अ‍ॅपवर चालत नसे. आमचा जुना क्रमांक पाच वर्षांपासून फलकांवर, पावत्यांवर आणि लोकांच्या फोनमध्ये होता, त्याला आम्ही हात लावला नाही. त्या सेवेसाठी नवे सिम घेतले आणि 'तुमची फाइल पुढच्या टप्प्यावर गेली' एवढाच मराठी संदेश त्यावरून जाऊ लागला. संदेशाचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. आमचा पहिला मजकूर नाकारला गेला, दुसरा मंजूर झाला.

मार्चच्या शेवटी वही बंद केली. आता रोज सकाळी दहा वाजता ताई एकच यादी उघडतात, ज्यात पाच दिवसांहून अधिक काळ एकाच टप्प्यावर अडकलेल्या फाइली असतात. पहिल्या दिवशी त्या यादीत ३८ नावे होती, मे २०२५ मध्ये ती ६ ते १० च्या दरम्यान होती. कर्जाच्या टप्प्यावरच्या फाइली अजूनही रेंगाळतात, कारण तो निर्णय बँकेचा असतो. पण कोणाची फाइल कितव्या दिवसापासून तिथे आहे हे ग्राहकाने विचारण्याआधी आम्हाला माहीत असते.

एप्रिलमध्ये उदगीरचे मास्तर त्यांच्या मेहुण्यांना घेऊन आले, त्यांनाही यंत्रणा बसवायची होती. बोलता बोलता त्यांनी सांगितले की नेट मीटर लागल्यानंतरचे पहिले बिल त्यांना नीट वाचता आले नव्हते, आयात युनिट कोणते आणि निर्यात कोणते हे शेजाऱ्याला विचारावे लागले. अनुदान जमा झाले की आम्ही फाइल बंद करत होतो. त्याच संध्याकाळी पुठ्ठ्यावर आणि प्रणालीत बारावी पायरी घातली, 'नेट मीटरनंतरचे पहिले बिल ग्राहकाबरोबर बसून पाहिले', आणि तिच्याखाली पहिले नाव मेहुण्यांचे नोंदवले.